आलेलं आणि आणलेलं

आमच्या नेवाशात स्टँडच्या अलीकडं एक हॉटेल आहे. हॉटेल म्हणजे पत्र्याचं शेड, पाच बाकडी आणि पहाटेपासून पेटलेली भट्टी. भिंतीवर तीन पाट्या आहेत. एक 'उधारी बंद', दुसरी 'ताटात हात धुवू नये' आणि तिसरी, नवी कोरी, 'पाळीव प्राणी आत आणू नयेत'. पहिल्या दोन पाट्या कोणी मानत नाही. तिसरीच्या बरोबर खाली, पाण्याच्या पिंपाला पाठ लावून, एक तांबडं कुत्रं झोपलेलं असतं. पाटी लावायला आलेल्या पोऱ्यानं त्याच्या अंगावरूनच स्टूल ठेवलं, खिळा ठोकला, स्टूल उचललं. कुत्र्यानं एक कान हलवला, तोही माशीसाठी.

आमचा ब्रुनो मात्र त्या पाटीमुळं बाहेर. मी पट्टा हातात धरून रस्त्यावर उभा, माझा चहा आत बाकड्यावर, आणि दोघांच्या मध्ये ते तांबडं कुत्रं घोरत पडलेलं. मी मालकाला म्हटलं, "अहो, हे कसं काय चालतं मग?"

मालकानं झाऱ्यातली भजी निथळत ठेवली आणि माझ्याकडं न बघता म्हणाले, "सर, ते आलेलं हाय. तुमचं आणलेलं हाय."

मी तीस वर्षं शाळेत मराठीचं व्याकरण शिकवलं. अकर्मक आणि सकर्मक क्रियापदांतला फरक इतक्या स्वच्छ उदाहरणानं मला एकदाही सांगता आला नव्हता.

पाळीव कुत्र्याला सार्वजनिक जागी येऊ द्यावं की नाही, हा वाद पुण्यातल्या सोसायट्यांमधून चालतो हे मला मुलाकडून ठाऊक होतं. आमच्याकडं तो कधी उद्भवलाच नाही, कारण कुत्रं आधीच सगळीकडं होतं. आठवडे बाजारात होतं, लग्नाच्या पंगतीत शेवटच्या पानापाशी होतं, कीर्तनात मागच्या रांगेत होतं. शाळेच्या झेंडावंदनाला 'सावधान' म्हटल्यावर सगळ्या मैदानात 'विश्राम'मध्ये राहणारा जीव तोच. त्याचं कोणी स्वागत केलं नाही आणि त्याला कोणी अडवलंही नाही. फार तर 'हाड' म्हटलं, त्यानं दोन पावलं मागं जाऊन मान ठेवला आणि ते तीन पावलं पुढं येऊन बसलं. प्रश्न सुरू झाला तो गळ्यात पट्टा आल्यावर.

आमच्या घरात पट्टा आला तो मुलगा आणि सूनबाई वर्षभरासाठी जर्मनीला गेले तेव्हा. जाताना त्यांनी पाच वर्षांचा लॅब्रॅडोर, त्याच्या खाण्याचं भलंमोठं पोतं आणि चार छापील पानांच्या सूचना आमच्या स्वाधीन केल्या. पोत्याची किंमत बघून ही म्हणाली, "एवढ्यात आपलं दोघांचं वर्षाचं धान्य भरतं." चौथ्या पानाच्या शेवटी ठळक अक्षरात होतं, 'बाबा, कृपया त्याला कुत्रं म्हणू नका.'

आता यात मराठीचीच अडचण आहे. रस्त्यावरचं ते 'कुत्रं', नपुंसकलिंगी. घरात घेतलं की त्याचा 'कुत्रा' होतो, पुल्लिंगी. हप्ते भरून घेतला असेल तर 'तो' होतो आणि नाव लागतं. गल्लीतल्या मावशींनी पहिल्याच दिवशी विचारलं, "सर, तुमचं कुत्रं भाकर खातं का?" सूनबाई त्या वेळी व्हिडिओ कॉलवर होत्या. तिकडून एवढा थंड आवाज आला की मला आधी जर्मनीतली हवाच वाटली.

दुसरी अडचण भाषेचीच, पण मोठी. ब्रुनोला मराठी येत नाही. त्याचं सगळं शिक्षण इंग्रजी माध्यमात झालेलं. शके १२१२ मध्ये, म्हणजे १२९० साली, ज्ञानेश्वर माउलींनी संस्कृतातली गीता साध्या माणसांना कळावी म्हणून मराठीत सांगितली, ती याच गावात. आणि त्याच गावात प्रवरेच्या काठानं मी रोज सकाळी 'सिट', 'स्टे', 'नो ब्रुनो, नो' असं ओरडत हिंडतो. घाटावर स्नानाला येणारे एक माळकरी आजोबा चार दिवस ऐकत होते. पाचव्या दिवशी म्हणाले, "गुरुजी, सातशे श्लोक मराठीत आले ह्या गावात. तुमच्याच्यानं एक 'बस' येईना का?"

बाहेर नेलं की तीन प्रश्न ठरलेले. चावतो का? काय खातो? कितीला घेतला? तिसऱ्या प्रश्नाचं खरं उत्तर मी एकदाच दिलं. समोरच्यानं थोडा वेळ हिशेब केला आणि म्हणाला, "दूध किती देतो मग?"

घोडेगावला जनावरांचा बाजार भरतो. मेव्हण्याला म्हैस घ्यायची होती आणि घरी ब्रुनोला सांभाळायला कोणी नव्हतं, म्हणून त्यालाही न्यायचं ठरलं. फाट्यावर जीपवाला म्हणाला, "कुत्र्याला जागा न्हाय." आत तोवर चौदा माणसं, दोन कोंबड्या आणि कांद्याची गोणी बसलेली होती. मी उतरायला लागलो तेव्हा त्यानं हाक मारली, "सर, न्हाय म्हंजे एकदमच न्हाय असं न्हाय. त्याचं हाफ धरू का फुल?" शेवटी फुल धरलं, कारण ब्रुनो खिडकीजवळ बसला. माझं उभ्यानं झालं. माझंही फुलच धरलं.

बाजारात एका फेटेवाल्या पाहुण्यानं ब्रुनोला आधी मागून पाहिलं, मग बाजूनं, मग पाठीवर हात फिरवून कातडी चिमटीत धरून सोडली. मी काही बोलायच्या आत त्यानं सराईत हातानं त्याचा जबडा उघडला आणि वरचा ओठ बोटानं मागं सारून दात पाहिले. मी डोळे मिटले. उघडले तेव्हा ब्रुनो त्याचा अंगठा चाटत होता आणि पाहुणा मेव्हण्याला सांगत होता, "जुळलेला हाय. पण कामाला लावलेला दिसत न्हाय." पाच वर्षांत ब्रुनोची इतकी नीट तपासणी कोणी केली नव्हती. जिथं म्हशी, बैल, शेळ्या उभ्या आहेत त्या बाजारात त्याला कोणी 'हा इथं कसा' असंही विचारलं नाही. विचारलं ते एवढंच, की द्यायचा आहे का.

ही हकिगत मी मुलाला फोनवर सांगितली. तो म्हणाला, "बाबा, इथं कुत्री रेल्वेतून फिरतात. मोठ्या कुत्र्याचं हाफ तिकीट असतं आणि तोंडाला जाळी घालावी लागते." म्हणजे आमच्या जीपवाल्याचा पहिला प्रश्न थेट जर्मन पद्धतीचा होता, अंमलबजावणीत तेवढा तो नेवाशाचा निघाला. तिकडं कुत्र्यावर करही भरतात म्हणे. आमच्याकडं घरपट्टी थकते, पाणीपट्टी थकते. त्यात कुत्रेपट्टी आली तर कुत्र्यांवरही जप्तीच्या नोटिसा निघतील. आपली रेल्वेही मागं नाही. पहिल्या वर्गाच्या वातानुकूलित डब्यातलं सबंध कूपे तुमच्या नावावर असेल तर कुत्रा तुमच्यासोबत येऊ शकतो. नाहीतर गार्डाच्या डब्यातली पेटी. आमच्या गावाला रेल्वेच नाही, त्यामुळं हा अपमान ब्रुनोला आणि मला दोघांनाही सोसावा लागलेला नाही.

आता वाहनाचाच विषय निघाला आहे तर एक सांगतो. प्रवरेकाठीच, वर श्रीरामपूर तालुक्यात, दायमाबाद आहे. १९७४ साली तिथं एका भिल्ल शेतकऱ्याला झाडाचं खोड उपटताना जमिनीत काशाच्या चार वस्तू सापडल्या. एक हत्ती, एक गेंडा, एक रेडा आणि एक बैलांचा रथ. चारही मिळून साठ किलोच्या वर वजन. बहुतेक अभ्यासक त्यांचं वय चार हजार वर्षांच्या आसपास धरतात. रथ हातभर लांबीचा, त्यात हाकणारा माणूस उभा, आणि पुढं दांडीवर, अगदी ऐटीत, एक कुत्रं उभं. त्या कारागिराला कोणी सांगितलं नव्हतं की कुत्रं घाल. रथ, बैल, माणूस एवढ्यावर काम भागत होतं. पण प्रवरेकाठी गाडी निघाली आणि कुत्रं खाली राहिलं, हे त्याला खोटं वाटलं असणार. पट्टा मात्र त्या कुत्र्याला दिसत नाही. फोटोत मी भिंग लावून पाहिलं.

देवाधर्माकडं वळलं तर आमच्या तालुक्याची परिस्थिती कुत्र्यांना फारच अनुकूल आहे. देवगडला दत्तात्रेय आहेत, आणि दत्ताच्या पायाशी चार कुत्री, म्हणजे चार वेद. शनिशिंगणापूर आमच्याच तालुक्यात. साडेसातीवाल्याला कोणी ना कोणी सांगतोच, काळ्या कुत्र्याला तेल लावलेली पोळी घाल. त्यामुळं त्या भागात काळं कुत्रं जन्माला आलं की त्याचं पिढीजात कल्याण झालं असं समजावं. अडचण एकच. शिंगणापूरच्या घरांना परंपरेनं दारंच नाहीत. २०११ साली तिथं बँकेची शाखा उघडली तीसुद्धा बिनकुलपाची. जिथं चोरीचं भय देवानं स्वतःच्या अंगावर घेतलं आहे, तिथं राखणदार कुत्र्यानं करायचं काय? भुंकायचं कोणावर? नोकरी नाही पण पेन्शन चालू, असा हा तालुक्यातला एकमेव वर्ग.

आणि खुद्द गावात माउली. ज्यांनी पैठणच्या भर सभेत रेड्याला उभं केलं असं परंपरा सांगते, ते तिथून नेवाशाला आले. पसायदानात त्यांनी मागणं मागितलं ते 'प्राणिजात' म्हणून. मनुष्यजात म्हणून नव्हे. आमच्या शाळेत पोरं रोज पसायदान म्हणायची. त्या एका शब्दाचा अर्थ सांगताना मी फळ्यावर गाय काढायचो. कुत्रं काढायचं कधी सुचलं नाही, आणि ते त्या वेळी वर्गाच्या दारातच बसलेलं असायचं.

तरीही पैस खांबाच्या मंदिरात मी ब्रुनोला नेत नाही. ज्या खांबाला टेकून माउलींनी ज्ञानेश्वरी सांगितली तो खांब तिथं आहे. खांब या वस्तूकडं पाहण्याची माणसाची दृष्टी वेगळी आणि कुत्र्याची वेगळी. अधिक लिहीत नाही.

स्वर्गाच्या दारावरची पाटी तर इंद्रानंच लावलेली. कुत्र्यासकट येणाऱ्याला इथं जागा नाही, असं त्यानं धर्मराजाला स्पष्ट सांगितलं. पण ते कुत्रं धर्मराजानं आणलेलं नव्हतं, ते मागं मागं आलेलं होतं. आमच्या हॉटेलवाल्यानं त्याला आत घेतलं असतं.

कायदासुद्धा, बारकाईनं पाहिलं तर, हॉटेलवाल्याच्याच व्याकरणानं चालतो. ताब्यातल्या जनावराबाबत निष्काळजीपणा केला आणि त्यातून कोणाला गंभीर इजा होण्याजोगं झालं तर भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद, पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. हे कलम लागतं ते पट्ट्याच्या या टोकाला. तांबड्याच्या गळ्याला दोरीच नाही, तेव्हा पोलीस पकडणार कोणाला? दुसऱ्या बाजूनं पशुकल्याण मंडळानं २०१५ मध्येच सोसायट्यांना कळवलं की बहुमतानं ठराव करूनही पाळीव कुत्र्यावर बंदी घालता येत नाही, लिफ्टमध्येही अडवता येत नाही. नेवाशात लिफ्टचा प्रश्न अजून ऐरणीवर आलेला नाही.

मग ७ नोव्हेंबर २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाचा आदेश आला. शाळा, दवाखाने, क्रीडासंकुलं, बसस्थानकं, रेल्वे स्थानकं इथली मोकाट कुत्री उचला, नसबंदी आणि लसीकरण करून निवाऱ्यात ठेवा, पुन्हा तिथंच सोडू नका. पेपर हॉटेलात मोठ्यानं वाचला गेला. सगळ्यांनी तांबड्याकडं पाहिलं. ते स्टँडवरचं की हॉटेलातलं, यावर दोन कप चहा होईपर्यंत खल झाला. दिवसा हॉटेलात, रात्री मुक्कामी गाडीखाली, अशी त्याची दोन ठिकाणची हजेरी. मालक म्हणाले, "स्टँडवरचं असंल तर न्यायालय बघंल. हॉटेलातलं असंल तर मग ते आपलं झालं." एवढं बोलून ते थांबले. आपलं झालं तर पाळीव झालं, आणि पाळीव झालं तर पाटी आहे. त्यांनी विषय बदलून कांद्याच्या भावावर नेला.

कुत्री हलवण्यावरून ही काही पहिली खळखळ नव्हे. १८३२ साली मुंबईत सरकारनं मोकाट कुत्री मारण्याचा हुकूम काढला, दर कुत्र्यामागं बक्षीस लावलं. बक्षिसाच्या लोभानं पकडणारे लोकांच्या घरातली कुत्रीही ओढून नेऊ लागले. पारशी समाज रस्त्यावर उतरला, दुकानं बंद झाली, साहेबाच्या न्याहारीचे हाल झाले. त्यातही मुद्दा तोच. आलेलं कोणतं आणि आणलेलं कोणतं, हे पकडणाऱ्याला कळत नव्हतं.

इथवर वाचून मी कुत्र्यांचा वकील वाटत असेन, तर तसं नाही. सातवीत असताना मला कुत्रं चावलं आहे. त्या काळी पोटात चौदा इंजेक्शनं घ्यावी लागत. सरकारी दवाखान्यात ओळीनं चौदा दिवस, बेंबीच्या भोवती. अकराव्या दिवशी कंपाउंडर जागा शोधत होते. आता दंडात पाच सुया, महिनाभरात मोकळे. पण ती भीती पोटात बसली ती बसलीच. त्यामुळं ब्रुनोला घेऊन जाताना समोरून येणारी बाई पदर सावरत रस्त्याच्या पलीकडं गेली की मला तिचा राग येत नाही. राग येतो तो माझा. कारण अशा वेळी माझ्या तोंडून जे वाक्य निघतं, ते मी जन्मभर दुसऱ्यांच्या तोंडून ऐकून चिडत आलो. "काही करत नाही हो तो!"

हे वाक्य प्रत्येक कुत्रेवाला म्हणतो. माझ्या पोटरीला लागलेल्या कुत्र्याचा मालकही म्हणत होता, आणि मी रक्त पुसत होतो. तेव्हा भिणाऱ्या माणसाला सिद्धांत सांगण्यापेक्षा पट्टा आखूड करावा आणि रस्त्याची कड धरावी, हे मला मान्य आहे. मागचं गोळा करावं हेही मान्य आहे. सूचनांच्या दुसऱ्या पानावर तसं आहे, आणि मी पिशवी घेऊन जातो. पहिल्या दिवशी मी रस्त्यात वाकलो तेव्हा मोटारसायकलवरून जाणारे दोघं थांबले. त्यांना वाटलं सरांना चक्कर आली. प्रकार कळल्यावर एकानं मनापासून विचारलं, "सर, गांडूळखत करता का?"

एक जागा मात्र अशी आहे जिथं पाळीव कुत्र्याचं मनापासून स्वागत होतं. उसाचं शेत. वन्यजीव अभ्यासक विद्या अत्रेय यांनी आमच्याच जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यात बिबट्यांची विष्ठा तपासून आहार शोधला, तर त्यात सर्वांत मोठा वाटा कुत्र्यांचा निघाला, वजनानं ३९ टक्के. वस्तीवर राखणीला साखळीनं बांधलेलं कुत्रं पळूही शकत नाही. मोकाट असतं ते निदान पत्र्यावर उडी मारून बघतं. गेल्या पावसाळ्यात मेव्हण्याच्या वस्तीवर सकाळी नुसती साखळी उरली होती. मेव्हणा ती हातात घेऊन बराच वेळ उसाकडं बघत उभा राहिला. नवं कुत्रं आणलं आहे, पण ते तो रात्री सोडून ठेवतो.

गेल्या लग्नसराईतली गोष्ट. संध्याकाळी ब्रुनोला घेऊन निघालो होतो, आणि वळणावर वरात आडवी आली. डीजेचा पहिला ठोका पडला तसा माझ्या बनियनच्या आतला जानवेजोडसुद्धा हलला. ब्रुनोनं एक हिसडा दिला, मान काढून घेतली आणि गर्दीत दिसेनासा झाला. माझ्या हातात पट्टा राहिला, त्याच्या गोल कड्यात कोणीच नाही.

दीड तास शोधलं. शाळेचं मैदान, घाट, मोहिनीराजाच्या मंदिराचा परिसर, बाजारतळ. 'ब्रुनो, कम!' म्हणून ओरडून घसा बसला. मग लाज सोडून 'ये रे बाबा, ये' म्हणालो. घरून हिचे फोनावर फोन. जर्मनीत अजून दुपार होती, म्हणजे सूनबाई जाग्या होत्या, या विचारानं पाय अजूनच जड झाले. शेवटी स्टँडकडं आलो.

हॉटेलात ट्यूबलाइट लागली होती. तिसऱ्या पाटीखाली, पाण्याच्या पिंपाला पाठ लावून, दोन कुत्री झोपली होती. एक तांबडं, एक पिवळट. पिवळ्याच्या नाकाला भज्याचा चुरा लागलेला. गिऱ्हाइकं त्यांच्यावरून पाय टाकून हात धुवायला जात होती. मी दारात उभा राहून म्हटलं, "अहो, हा आमचा..."

मालकानं झारा थांबवला. पाटीकडं पाहिलं, ब्रुनोकडं पाहिलं, माझ्या हाताकडं पाहिलं.

"सर," ते म्हणाले, "ते आलेलं हाय. बसू द्या. पट्टा तेवढा आत आणू नका."

मी पट्टा गुंडाळून पिशवीत घातला, आत जाऊन बसलो आणि चहा सांगितला. ब्रुनोनं एक डोळा उघडून माझ्याकडं पाहिलं आणि ओळख दाखवली नाही.